शेवटची रांग, मागे भिंत

१

आबांच्या दुकानात आलेलं पोर रडत बाहेर पडलंय, असं कोणी पाहिलेलं नव्हतं. दुकान लहान मुलांच्या प्रवासी सामानाचं. घडीच्या बाबागाड्या, अंगाशी बांधायच्या झोळ्या, न सांडणारे पेले, दूध कोमट ठेवणाऱ्या बाटल्या. शाळा आबांनी लवकर सोडली होती, आणि धंद्याची सुरुवात काखेतल्या टोपलीत खुळखुळे घेऊन दारोदार फिरण्यापासून केली होती. त्यामुळे त्यांना जे काही येत होतं ते पुस्तकातलं नव्हतं. गिऱ्हाईक बोलायचं, आबा ऐकायचे, आणि तेच पुढच्या गिऱ्हाइकाला मीठमसाला लावून सांगायचे.

"विमान चढताना आणि उतरताना पोराला काहीतरी चोखायला द्या, म्हणजे कानाला दडे बसत नाहीत," ते सांगायचे. "कपड्यांचा जादा जोड पोराचा घ्याल, पण स्वतःचाही घ्या. पोर ओकतं ते स्वतःच्या अंगावर नाही, तुमच्या अंगावर. खेळणी नवी घ्या, कागदात गुंडाळून घ्या. खेळण्यापेक्षा पुडी सोडण्यात पोराचा जास्त वेळ जातो. आणि जागा शेवटच्या रांगेतली मागा. लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. पाणी देणारी ताई हाकेवर असते, आणि मुख्य म्हणजे मागे कोणी नसतं. मागे भिंत. पोर उभं राहून मागे डोकावलं तरी कुणाची कुरकुर नाही."

एकदा एका आगाऊ बापानं विचारलंच होतं, "आबा, तुम्ही स्वतः किती वेळा नेलंय पोराला विमानातून?"

"अहो, मी टोप्याही विकतो," आबा म्हणाले, "म्हणून मला दहा डोकी आहेत का?"

पण आबांचं खरं कसब वेगळंच होतं, आणि ते विकायला नव्हतं. आई खरेदीत गुंतायची तर कडेवरचं पोर खाली उतरायला हवं, आणि परक्या दुकानात पोर सहसा उतरत नाही. आबा ते उतरवायचे. त्याला हाक मारायची नाही. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. एखादी वस्तू त्याचा हात पोचेल अशी ठेवून द्यायची आणि आपण आपल्या कामात असल्यासारखं करायचं. पोर ती घेतं, न्याहाळतं, कंटाळतं, टाकतं. ती पुन्हा ठेवायची, थोडी आपल्या बाजूला. मग पुन्हा, आणखी थोडी आपल्या बाजूला. आणि शेवटी वस्तू ठेवायचीच नाही. नुसता रिकामा हात ठेवायचा, तळवा वर करून. पोर आपणहून येतं. आईला वाटतं, जादू आहे. जादू कसली? घाई न करणं, एवढंच ते होतं.

यंदा मात्र आबांवर स्वतःच विमानात बसायची पाळी आली. लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. घर मिळेपर्यंत नात आबांकडे राहिली. तिचं पाळण्यातलं नाव कागदपत्रांपुरतं, एरवी सगळ्यांची ती गोटी. लेक गेली तेव्हा गोटी रांगत होती. आता ती धावत होती, "आबा", "दे", "घे" एवढं बोलत होती, आणि फोनवर आई दिसली की तोंड फिरवून आबांच्या खांद्यात लपत होती.

"बाबा, ती ओळखेल ना हो मला?" आदल्या दिवशी लेकीनं फोनवर विचारलं. आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न होता, पण जमला नव्हता.

"न ओळखायला काय झालं? फक्त अंगावर धावून जाऊ नकोस. दुकानात मी कसं करतो, पाहिलंयस लहानपणापासून."

"तिच्याकडे बघायचं नाही. वस्तू ठेवायची. मग रिकामा हात."

"शाब्बास. माझी लेक शोभतेस."

गोटीला सुखरूप नेऊन तिच्या आईच्या कुशीत घालायचं, एवढं एकच काम आबांच्या डोक्यावर होतं. पण कोणत्याही मालापेक्षा त्याचं ओझं जास्त वाटत होतं.

२

विमान दुपारचं होतं. आबांनी स्वतःच्या दुकानातली सगळी हुशारी पाठपिशवीत भरली होती. पुड्या तर खास स्वतःच्या हातानं बांधल्या होत्या. टोपली घेऊन फिरत होते तेव्हापासून त्यांची बांधणी ठरलेली होती. कागदाचे दोन्ही कान आत दुमडायचे, वरून लाल दोरा, आणि दोऱ्याचं टोक गाठीखाली असं सारायचं की ओढल्याबरोबर पुडी उलगडावी. बाजारात दुसऱ्या कुणाची तशी पुडी नव्हती.

शेवटच्या रांगेत दोनच जागा होत्या. खिडकीशी गोटी, वाटेच्या बाजूला आबा. आबांनी बसण्याआधी मागे हात लावून पाहिला. राखाडी रंगाची टणक भिंत होती. सीटची पाठ आणि भिंत यांच्यात जेमतेम बोट शिरेल एवढी फट. दोन सीटांच्या मध्येही तशीच एक उभी चीर. झकास, आबा मनात म्हणाले. हीच जागा आपण आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

वाटेच्या पलीकडे एक टकले गृहस्थ पेपर चाळत होते. गोटीला पाहून त्यांनी पेपर जरा वर धरला.

"घाबरू नका," आबा म्हणाले, "रडणारी नाहीये."

"सगळे असंच म्हणतात हो," ते गृहस्थ म्हणाले. "मी दातांचा डॉक्टर आहे. रडणं माझ्या कानांना नवीन नाही."

विमान पळू लागलं तेव्हा आबांनी गोटीच्या हातात लाकडी कडं दिलं. दात येताना चावायचं, गुळगुळीत, दुकानात सर्वात जास्त खपणारं. गोटीनं ते तोंडात घातलं. नाक वर करून विमान चढू लागलं, आणि गोटी चावता चावता मागे वळली. कडं सुटलं. दोन सीटांच्या चिरेतून मागे गेलं आणि टक्क असा आवाज झाला.

"गेलं," आबा म्हणाले. "उतरल्यावर शोधू हं."

ते पिशवीत दुसरं काही चाचपत होते, तेवढ्यात गोटी पुन्हा चावू लागल्याचा ओला आवाज आला. कडं तिच्या तोंडात होतं.

म्हणजे चिरेतच अडकलं असणार. किंवा विमान तिरकं असल्यामुळे घरंगळत परत आलं असणार. आबांनी मान डोलावली आणि विषय संपवला. विमान वर चढत असताना वस्तू मागे घरंगळते, पुढे येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तोवर विमान सरळ झालं होतं.

३

पुढचा बराच वेळ फार छान गेला. नंतर आठवताना आबांना त्याचीच सर्वात जास्त लाज वाटायची होती.

गोटी सीटवर उलटी गुडघे टेकून बसली होती, तोंड मागे, दोन्ही हात पाठीवर. पुडी सोडायची, आतली वस्तू बघायची, चिरेतून मागे टाकायची, आणि वाट बघायची. मध्येच खुदकन हसायची. "घे," म्हणायची. थोड्या वेळानं "दे". आबांना वाटलं, खेळ लावून घेतलाय पोरीनं स्वतःशीच. त्यांनी चहा मागवला, निवांत प्यायला, वर डॉक्टरांना दोन किस्सेही सांगितले.

"एक बाई आल्या होत्या," आबा म्हणाले, "बाबागाडी दाखवा म्हणाल्या. पोराला त्यात बसवून बघितलं, तर पोर बाहेर यायलाच तयार नाही. शेवटी गाडी देऊन मोकळा झालो."

"म्हणजे पोरानंच विकत घेतली!"

"तेच तर. आईबापाला विकायला जावंच लागत नाही."

डॉक्टर मनापासून हसले. "मुलं मला बघून रडतात, तुम्हाला बघून हसतात. माझा धंदाच चुकला म्हणायचा." मग गोटीकडे बघून म्हणाले, "पण नात तुमची गुणी आहे हं काका. खरंच चूं नाही केलं. कुणाशी खेळतेय मागे?"

"मागे कोण? मागे भिंत आहे."

"हो, ते बरोबर. असं हसतेय की मला वाटलं…" डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं आणि पेपर उघडला.

आबांनी गोटीकडे पाहिलं. तिच्या मांडीशी एक पुडी होती. बांधलेली. लाल दोरा, टोक गाठीखाली सारलेलं.

सगळ्या पुड्या तर सोडून झाल्या होत्या. फाटके कागद त्यांनी स्वतःच गोळा करून पुढच्या खिशात कोंबले होते. एखादी राहिली असेल नजरचुकीनं. त्यांनी पुडी उचलली, टोक ओढलं. आत कापडी ससा होता. तोच ससा गोटीनं मघाशी डोकं चावून ओला केला होता आणि मागे टाकला होता. डोकं अजून ओलं होतं.

पुडीचा कागद त्यांच्याच दुकानातला होता. चुरगळून पुन्हा सरळ केलेला. दुमड त्यांच्यासारखी होती, गाठ त्यांच्यासारखी होती, फक्त ती त्यांनी बांधलेली नव्हती.

४

आबांनी आधी स्वतःचीच उलटतपासणी घेतली. वय झालंय. सकाळी घाईत पुड्या बांधल्या. दोन ससे घेतले असतील, एक आधीच ओला असेल. पाणी सांडलं असेल. माणूस ठरवलं तर स्वतःची काहीही समजूत घालू शकतो, आणि आबा तर समजूत घालण्यावरच जगले होते.

ते डोकं मागे टेकून विचार करत बसले. तेवढ्यात पाठीत मागून हलकीशी लाथ बसली. मागच्या सीटवरचं कंटाळलेलं पोर मारतं ना, अगदी तशी.

"अरे बाळा, लाथ नको मारू," आबा सवयीनं म्हणाले, आणि हसऱ्या चेहऱ्यानं मागे वळले.

समोर राखाडी भिंत होती. वळलेल्या मानेनं ते तसेच थांबले. हसू चेहऱ्यावरून उतरायला विसरलं होतं.

त्यांनी फोनचा दिवा लावला आणि चिरेतून खाली पाहिलं. गालिचा दिसत होता, सीटचे लोखंडी पाय, एक स्क्रू. आणि काहीच नाही. गोटीनं टाकलेला चेंडू नाही, चमचा नाही, प्लॅस्टिकचं बदक नाही. खालच्या खाली जायलाही जागा नव्हती. भिंत सरळ गालिच्यापर्यंत उतरली होती.

त्यांनी घंटी दाबली. विमानातली ताई लगबगीनं आली.

"ताई, या भिंतीच्या मागे काय असतं हो?"

"मागे आमचं सामान, चहाच्या गाड्या. का हो काका?"

"तिथं कुणी लहान मूल वगैरे…"

"छे, तिथं उभं राहायला आम्हालाच जागा नाही." तिनं वाकून गोटीच्या गालाला हात लावला. "आणि आज लहान मूल म्हणाल तर विमानात ही एकटीच आहे. आमची लाडाची पाहुणी. का? काही पडलंय का मागे?"

"काही नाही. जाऊ दे." काय सांगणार होते? तिच्या डोळ्यांत, बिचारे म्हातारे पहिल्यांदाच बसलेत, असा भाव आधीच येऊ लागला होता. "बाटलीला थोडं गरम पाणी मिळेल का? दूध गार झालंय."

"आता उतरायची वेळ होत आलीय काका, गरम काही देता येत नाही. तसंच पाजा."

ती गेली. गोटी "दे" म्हणाली. आबांनी वळून पाहिलं.

याही वेळी त्यांनी ते होताना पाहिलं नाही. पण झालेलं पाहिलं. बदक चिरेत होतं. गोटीच्या बाजूला नाही, अगदी मधोमधही नाही. मधल्या रेषेच्या जरासं पलीकडे. गोटीला ते घ्यायला कोपरापर्यंत हात घालावा लागला. मघाशी ससा मांडीशी मिळाला होता, त्याआधी कडं थेट हातात.

थोडी आपल्या बाजूला. मग आणखी थोडी आपल्या बाजूला.

दुकानात उभं राहून आपण हजारदा केलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या हातून होताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. आज पाहत होते. त्यात कसलीही घाई नव्हती. कुणीतरी गोटीकडे न बघता, आपल्या कामात असल्यासारखं, तिला कडेवरून उतरवत होतं.

आणि आता वस्तू संपत आल्या होत्या.

५

"इकडे ये गोटी. आबांच्या मांडीवर."

गोटीनं मान हलवली. आबांनी तिला उचललं तशी ती ताठ झाली, पाय झाडू लागली. आबांनी तिला मांडीवर दाबून बसवलं, तोंड पुढे करून. दोन सीटांच्या चिरेत आपला कोट कोंबला, खालपासून वरपर्यंत, मुठीनं ठोकून.

"काय हो काका, वारा येतोय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. थोडा गार वारा येतोय."

विमान उतरू लागलं. ताईनं लहान पट्टा आणून आबांच्या पट्ट्यात अडकवला आणि गोटीच्या कमरेभोवती आवळला. गोटीनं कानाला हात लावला आणि भोकाड पसरलं. इतक्या वेळातलं पहिलं रडणं. पुढच्या रांगांतली डोकी वळली.

"अहो, तोंडात द्या काहीतरी," कुणीतरी बाई पुढून म्हणाल्या, "कान दुखतात त्यांचे."

आबांना आज कुणीतरी त्यांचाच सल्ला देत होतं. त्यांनी बाटलीसाठी पुढच्या खिशात हात घातला. बाटली नव्हती. खिडकीकडच्या सीटवर होती, नीट उभी, टोपण लावलेली. ती तिथं आबांनी ठेवली नव्हती. त्यांनी हात लांब करून ती घेतली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं दुधाचा एक थेंब मनगटावर पाडला.

दूध कोमट होतं. ना गरम, ना गार. लहान मुलाला द्यावं तेवढंच.

आबांनी मनगटावरचा तो थेंब धोतरासारखा घासून पुसला. गोटीनं दोन्ही हातांनी बाटली मागितली. "दे! दे!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता, नाकातून पाणी वाहत होतं. नुसती द्यायची, की रडणं थांबणार होतं. कानांचं दुखणं थांबणार होतं. लोक थांबणार होते. आबांनी टोपण घट्ट फिरवलं आणि बाटली पायाखाली दाबून धरली.

"अहो, असं काय करता?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पाजा ना तिला."

"नाही."

"काका, पोर कासावीस झालंय."

"होऊ द्या. रडू द्या तिला." असलं वाक्य आबांच्या तोंडून उभ्या जन्मात निघालं नव्हतं. ते तिच्या कानाशी वाकून पुन्हा म्हणाले, "रड. जोरात रड. माझी गोटी, रड."

आणि गोटी मध्येच थांबली.

ती खिडकीकडच्या सीटकडे बघत होती. आबांनीही पाहिलं. कोट चिरेत नव्हता. तो त्या सीटवर ठेवलेला होता, घडी घालून. दुकानात नवा माल मांडावा तशी घडी, बाह्या आत दुमडलेल्या, कॉलर वर.

आणि चिरेत, अगदी खाली, सीटच्या गादीला टेकून, एक तळवा होता. वर केलेला, रिकामा. तो हलत नव्हता. वाट बघत होता. आबांना त्यातलं नीट काही दिसलं नाही आणि त्यांनी नीट बघितलंही नाही. एवढंच डोळ्यांत राहिलं की बोटं सगळी सारख्याच लांबीची होती.

गोटीनं रडका चेहरा पुसल्यासारखा एकदम साफ केला. दोन्ही हात पुढे केले. उचलून घे म्हणताना करते तसे.

आबांनी तिला छातीशी आवळलं, एवढं की तिचा श्वास अडकला, आणि आपल्या अंगाचा भार चिरेकडून दुसरीकडे टाकून डोळे मिटले. चाकं जमिनीला टेकली. सगळं विमान थडथडलं. गोटी किंचाळली, आबांच्या कानात, जिवाच्या आकांतानं. आबांना त्या किंकाळीइतकं गोड काही ऐकल्याचं आठवत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा चीर रिकामी होती. डॉक्टर आपली पिशवी काढत होते आणि आबांकडे बघायचं टाळत होते.

६

कोट त्यांनी तिथंच सोडला. पाठपिशवीही. गोटीला दोन्ही हातांनी धरून ते लोकांच्या लोंढ्यातून बाहेर आले. लांबलचक दालन होतं. कडेला बाकं, एक जाड खांब, खांबाला लागून पेयांच्या बाटल्या देणारं उंच यंत्र. आणि कठड्यापलीकडे लेक उभी होती. वाळली होती. केस कापले होते.

तिनं आबांना पाहिलं, गोटीला पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती शिकवलेलं विसरली नाही. धावून आली नाही. कठड्याच्या तोंडाशी येऊन खाली बसली, नजर फरशीकडे वळवली, आणि पर्समधून एक लाल लोकरीची बाहुली काढून समोर ठेवली.

"बाबा, उतरवा तिला," ती हळू आवाजात म्हणाली.

"नको. तूच घे. अशीच घे."

"अहो बाबा, रडेल ती. उतरवा ना. मी किती दिवस हेच घोकतेय."

गोटी रडून रडून थकली होती आणि आबांचे हात भरून आले होते. भोवती एवढी माणसं, एवढा उजेड, चाकांचे आवाज, कुणाची तरी उद्घोषणा. आबांना वाटलं, इथं काय होणार? इथं ना ती सीट, ना ती भिंत. त्यांनी गोटीला पायांवर उभं केलं, पण हात तिच्या डोक्यावर ठेवला.

गोटीनं बाहुली पाहिली. दोन पावलं टाकली. उचलली. लेक श्वास रोखून फरशीकडे बघत होती. गोटीनं बाहुली उलटीपालटी केली आणि टाकली. लेकीनं ती उचलून पुन्हा ठेवली, थोडी आपल्या बाजूला.

टक्क.

आवाज लहानसा होता, पण आबांना तो ओळखीचा होता. लाकडी कडं खांब आणि यंत्र यांच्यामधल्या फटीपुढे फरशीवर पडलं होतं आणि अजून गोल फिरत होतं. ते थांबलं. गोटीनं मान वळवली. बाहुलीकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं. मग कड्याच्या मागे, फटीत, खाली कुठंतरी पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

आईला पाहून आलं नव्हतं ते हसू.

"उचल तिला!" आबा ओरडले.

"बाबा, हळू! घाबरेल ती. तुम्हीच सांगितलंत ना, घाई नको." लेकीनं मान वर केली नाही. बाहुली बाजूला सारली आणि रिकामा हात ठेवला, तळवा वर करून. अगदी आबांसारखा. तिनं लहानपणापासून पाहिला होता तसा.

गोटीचा एक पाय फटीकडे वळला होता.

"अगं बघ तिच्याकडे! मी सांगितलेलं सगळं चुलीत घाल! ओढ तिला! आई आहेस ना तू तिची?"

त्या आवाजानं लेक दचकली. तिनं मान वर केली आणि बापाचा चेहरा पाहिला. काय पाहिलं असेल कोण जाणे, पण पुढे तिनं विचारलं काही नाही. तिनं झडप घातली. गोटीचा दंड धरला, तिला खसकन ओढून छातीशी घेतली आणि उभी राहिली. गोटीनं टाहो फोडला, नखं मारली, मागे वाकली. लेकीनं सोडलं नाही. तीही रडत होती आणि गोटीच्या केसांत तोंड खुपसून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी आहे, मी आहे गं, मी आहे."

लोक थांबून बघत होते. आबा खांबाकडे पाठ करून उभे राहिले, दोन्ही पाय फाकवून, दुकानाच्या दारात राहावं तसे.

७

गाडी बऱ्याच लांब उभी केली होती. दोन्ही बाजूंना भिंती असलेला एक लांब उताराचा रस्ता होता, वर पांढरे दिवे. लेक पुढे चालत होती, गोटी तिच्या खांद्यावर. खांद्यावर घेतलेलं मूल मागेच बघत असतं. आबा मुद्दाम अगदी मागून चालत होते, तिच्या नजरेसमोर, म्हणजे तिला त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसू नये.

गोटीचे हुंदके विरळ झाले होते. तिनं आबांकडे पाहिलं. मग तिची नजर आबांच्या कानाशेजारून मागे गेली आणि तिथं थांबली. तिनं आईच्या मानेभोवतीचा एक हात सोडवला.

"काय झालं होतं बाबा मघाशी?" लेकीनं न वळता विचारलं.

"काही नाही. भरभर चाल."

"मला वाटलं, तिला फिट आली की काय. तुमचा चेहरा असा झाला होता…"

"भरभर चाल गं."

आबा मागे वळले नाहीत. आपली पावलं, लेकीची पावलं, एवढंच ऐकत राहिले. गोटीचा हात हवेत होता, बोटं उघडमीट करत. मग तिचे डोळे जड झाले. मान लेकीच्या खांद्यावर कलंडली. तो हात हळूहळू खाली आला, चाचपडला, आणि त्यानं आईच्या कापलेल्या केसांची एक बट पकडली. घट्ट. अंगठा तोंडात गेला.

"झोपली," लेक कुजबुजली. चालता चालता तिच्या आवाजात हसू मिसळलं. "बाबा, माझे केस धरून झोपली. बघितलंत? आता सोडायची नाही ती मला."

"बघितलं," आबा म्हणाले. "आता नाही सोडायची."

ते खरं होतं. गोटीच्या मिटलेल्या पापण्यांवर कसलीच ओढ उरली नव्हती. जे काही होतं त्यानं तिच्यावरचं लक्ष काढून घेतलं होतं. दुकानदाराला हे कळतं. एक गिऱ्हाईक हातचं गेलं, तर कुणी त्याच्या पाठीमागे धावत नाही.

आबांनी मोठा श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. दिवसभराचा आपला गल्ला बंद करून ते ज्या ढबीत उभे राहत, तसे त्यांचे हात आपसूक पाठीमागे गेले आणि एकात एक गुंतले. उतार संपत आला होता. समोर गाडी दिसत होती.

तेव्हा त्यांच्या पाठीमागच्या तळव्यावर काहीतरी ठेवलं गेलं. अलगद. हात पोचेल तिथं.

कागद होता. वर दोरा होता. दोऱ्याचं टोक गाठीखाली सारलेलं त्यांच्या अंगठ्याला लागलं.

त्यांना टाकता आलं असतं. नुसती बोटं उघडायची होती. पण आयुष्यभर हातात आलेली वस्तू त्यांनी कधी खाली पडू दिली नव्हती. विचार करायच्या आत मूठ मिटली.